बोट पाचची आहे, मग घर किती वाजता सोडायचं?

साताऱ्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाताळच्या सुट्टीत त्यांच्या घरचे पाच जण पहिल्यांदाच क्रूझवर निघाले आहेत. त्या, यजमान, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे आणि गुडघेही दुखतात. बोट शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुंबईहून गोव्याकडे सुटते आणि सोमवारी सकाळी परत येते. यजमान म्हणतात, "सकाळी नऊला आपल्या गाडीने निघू, साडेचार तासांत पोचू, रस्ता मला पाठ आहे." पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आदल्या रात्रीच मुंबईजवळ मुक्काम करावासा वाटतो. नणंद बेलापूरला राहते, पण "तिच्यावर पाच जणांचा भार कशाला" असं यजमानांचं मत आहे, आणि हॉटेलचा खर्च त्यांना पटत नाही. पत्राच्या शेवटी त्या लिहितात: "मागच्या वर्षी तिरुपतीची गाडी माझ्या बॅगा भरण्यापायी थोडक्यात चुकायची राहिली. ते अजून ऐकते आहे. आताही उशीर झाला तर बोल मलाच लागणार. मी उगाच काळजी करते का? आणि ह्यांना कसं समजावू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, प्रश्न रस्त्याचा आहे. दुसऱ्यांदा तिरुपतीच्या ओळीवर थांबले. तुम्हाला घाट आणि टोलनाके यांच्यापेक्षा जास्त भीती आहे ती गाडीतल्या त्या शांततेची. पुढची वाहनं हलत नाहीत, कुणी बोलत नाही, आणि सगळ्यांच्या मनात एकच वाक्य असतं की घरून निघतानाच उशीर झाला. ही भीती उगाच नाही. पण रस्त्याचा हिशेब आणि घरातला हिशेब एकत्र कालवला की दोन्ही चुकतात. म्हणून आधी रस्ता घेऊ.

तुम्हा दोघांच्या बोलण्यात "पाचची बोट" हे गृहीत आहे. आपल्याला एसटीची आणि रेल्वेची सवय. पाचची गाडी म्हणजे पावणेपाचला फलाटावर. बोटीचं तसं नसतं. पाच ही तिने धक्का सोडायची वेळ. प्रवाशांचं दार त्याआधी साधारण एक-दोन तास बंद होतं, कारण सामानाची तपासणी आणि ओळखपत्रं झाली की चढलेल्या प्रत्येक माणसाची यादी पक्की करून द्यावी लागते. तुम्ही पत्रासोबत बोर्डिंग पासचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यावर तुम्हाला दिलेली वेळ दुपारी एक ते दोनची आहे, आणि साडेतीनला प्रवेश बंद, असं स्पष्ट छापलंय. म्हणजे तुमच्या कुटुंबासाठी ही बोट पाचची नाहीच. ती एकची आहे, आणि फारच ओढाताण झाली तर साडेतीनची.

फोन करून सांगितलं तर पंधरा मिनिटं थांबणार नाहीत का, असंही तुम्ही विचारलंय. नाही थांबणार, आणि त्यात माणुसकीचा प्रश्न नाही. एवढं मोठं जहाज बंदरातून बाहेर काढायला बंदराचा पायलट, म्हणजे तिथल्या पाण्याची वाट दाखवणारा जाणकार, चढतो, ओढायला टग म्हणजे छोट्या ताकदवान बोटी लागतात, आणि त्यांची वेळ आधी ठरलेली असते. धक्क्यावरची जागा मोकळी करायची असते, पुढच्या बंदरात पोचायची वेळही ठरलेली असते. पाच माणसांसाठी ही सगळी साखळी सरकत नाही. बोट चुकली तर तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. "मग गोव्यात जाऊन चढू" हेही आपल्या मनावर नसतं, कंपनीने परवानगी दिली तरच. तिकिटाच्या अटींमध्ये हे लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्या.

आता नऊला निघायचा बेत कागदावर मांडू. यजमानांनी नकाशा बहुधा रात्री जेवण झाल्यावर पाहिला असणार. त्या वेळी साडेचार तास दिसतातही. पण शुक्रवारी सकाळी साताऱ्यातून खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, कात्रजचा नवा बोगदा इथपर्यंत दोन तास धरा. पुढे नवले पूल, चांदणी चौक, वाकड, किवळे हा पुण्याला वळसा घालणारा पट्टा पाऊण तासाचा. एक्स्प्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, त्याला दीड तास. कळंबोलीपासून बंदरापर्यंत तासभर. झाले सव्वापाच तास, आणि यात गाडी एकदाही थांबवलेली नाही. मधुमेह असलेल्या सासूबाई आणि सहा वर्षांचं मूल गाडीत असताना दोन थांबे होणारच, आणि फूड मॉलवरचा थांबा अर्ध्या तासाच्या आत कधी संपत नाही. म्हणजे सव्वासहा तास. नऊला निघालात तर सव्वातीन. दार साडेतीनला बंद. हातात राहिली पंधरा मिनिटं, तीही रस्त्यात काहीच घडलं नाही तर.

घडतं ते मी सोसलेलं आहे. मावसबहिणीचं लग्न दादरला होतं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. आम्ही पुण्यातून सकाळी सातला निघालो, भरपूर वेळ हातात ठेवून. खंडाळ्याच्या पुढे उतारावर एक कंटेनर आडवा झाला होता. आमच्या पुढे किती गाड्या होत्या ते दिसत नव्हतं, वळणापलीकडे फक्त लाल दिवे. पहिला अर्धा तास सगळे हसतखेळत होते. मग माणसं गाड्यांतून उतरून कठड्याला टेकली. माझ्या भाच्याला लघवीला न्यायचं होतं, तर त्याच्या आईने दोन गाड्यांच्या मध्ये ओढणी धरून आडोसा केला. मामीने आहेराची पैठणी मांडीवर धरली होती. घामाने पिशवीचा कागद तिच्या हाताला चिकटला होता, तरी ती पिशवी खाली ठेवेना. सव्वातीन तास आम्ही तिथेच होतो. हॉलवर पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. मामी आजही त्या वळणावरून जाताना खिडकीबाहेर बघत नाही. त्या दिवशी चालवणाऱ्याची काही चूक नव्हती. त्यालाही रस्ता पाठच होता.

एक्स्प्रेस वेवर गेलेला वेळ भरून काढता येत नाही, हेही ध्यानात घ्या. सपाटीवर मोटारीला ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, कॅमेरे बसलेले आहेत. आणि उशिराच्या भीतीने बोर घाटात लेन कापत उतरणारा बाप, मागे आई आणि दोन लेकरं, हे चित्र मला कुठल्याही सहलीसाठी नको आहे.

तेव्हा तुमची काळजी उगाच नाही. पण "आदल्या रात्रीचा मुक्काम म्हणजे जास्तीचा खर्च" हे तुम्हीही मान्य करून टाकलंय, ते मला पटत नाही. माझ्या आजीचं माहेर रत्नागिरीचं. रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईची सगळी ये-जा आगबोटीने. मुंबईहून जायचं असलं की माणसं आदल्या दिवशी गिरगावात नातेवाइकांच्या खोलीवर उतरायची आणि दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन भाऊच्या धक्क्यावर. रत्नागिरीहून निघतानाही तसंच. बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिच्यापर्यंत पडावाने जावं लागायचं, म्हणून लोक कितीतरी आधी बंदरावर येऊन ट्रंकेवर बसायचे. आजी सांगायची ते त्या बसण्याबद्दलच जास्त. कुणाकडून लाडू आले, कुणी वाटेत खायला काय दिलं, कोण रडलं. बोटीच्या प्रवासाला आदली रात्र ही धरलेलीच असायची.

म्हणून माझं मत सरळ सांगते. गुरुवारी मुलांची शाळा सुटली की निघा आणि नणंदेकडे बेलापूरला मुक्काम करा. खंबाटकी, पुण्याचा वळसा, बोर घाट, सगळं आदल्या दिवशीच मागे पडतं. गुरुवारी घाटात तीन तास गेले तर काय होईल? नणंदेकडचं जेवण रात्री अकराला होईल, इतकंच. शुक्रवारी सगळ्यांनी आठपर्यंत झोपावं, सासूबाईंचं इंजेक्शन आणि नाश्ता वेळेवर व्हावा, आणि अकराला निघावं.

यात आणखी एक प्रश्न परस्पर सुटतो, ज्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. चार दिवस गाडी कुठे ठेवणार? बंदराला लागून असलेल्या बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवरची पैसे देऊन उभं करायची जागा ही कचेरीत येणाऱ्यांसाठी आहे. शुक्रवार ते सोमवार तिथे गाडी सोडून जायचा विचारही करू नका. बंदरात मुक्कामी पार्किंग मिळेल असं कुणी सांगितलं, तर दर आणि जागा लेखी मागवल्याशिवाय त्यावर विसंबू नका. नणंदेच्या इमारतीत पाहुण्यांच्या जागेवर गाडी ठेवा, सोसायटीत आधी नोंद करा, आणि पुढे टॅक्सीने जा. पाच माणसं आणि चार बॅगा म्हणजे सहा-सात आसनी गाडीच लागेल. ती गुरुवारी रात्री सांगून ठेवा, शुक्रवारी सकाळी फोनवर शोधत बसू नका.

बेलापूरहून दोन वाटा आहेत. एक वाशीच्या पुलावरून मानखुर्द, चेंबूर आणि तिथून ईस्टर्न फ्रीवे. दुसरी उलव्याकडून अटल सेतू, जो शिवडीला उतरून त्याच फ्रीवेला मिळतो. सेतूला मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये. वाशीच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही. चेंबूरकडे लाल रेघ दिसली तर २५० रुपयांचा विचार करू नका, सेतू घ्या. फ्रीवे ऑरेंज गेटपाशी पी. डिमेलो रस्त्यावर उतरवतो. तिथून डाव्या हाताला गोदीची लांबच लांब भिंत धरून दक्षिणेकडे गेलं की बॅलार्ड पिअर दोन-एक किलोमीटर. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचं काम त्या भागात चालू आहे, म्हणून हे दोन किलोमीटर अर्ध्या तासाचे धरा.

इथे एक चूक बरेच जण करतात. मुंबईत "बोट" म्हटलं की टॅक्सीवाला तीन ठिकाणांपैकी कुठेही नेऊ शकतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सुटते, गेटवेवरून घारापुरीच्या लाँच सुटतात, आणि तुमची क्रूझ बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून. गोदीच्या दरवाजांना रंगांची नावं आहेत. तुमच्या पासवर ग्रीन गेट लिहिलंय. तेच शब्द चालकाला सांगा आणि नकाशात नुसतं "मुंबई पोर्ट" घालू नका.

नणंद नकोच असं ठरलं तर? वाशी-बेलापूरकडे साधं हॉटेल घ्या, पण गाडीची सोय विचारून. आणि तेही नको असेल तर त्याच दिवशी निघता येतं, पण मग पहाटे पाचला, नऊला नाही. डिसेंबरात खंबाटकीच्या आसपास आणि लोणावळ्याला पहाटे धुकं असू शकतं, तोही वेळ धरा. गाडीत बॅगा रात्रीच चढलेल्या हव्यात. आणि नवरा-बायकोंनी आधीच एक वेळ ठरवून ठेवावी: साडेनऊपर्यंत खालापूर ओलांडलं तर सगळं ठीक, नाही ओलांडलं तर पुढचा थांबा रद्द आणि क्रूझ कंपनीला लगेच फोन. ठरलेली वेळ असली की गाडीत भांडण होत नाही, घड्याळाकडे बघून निर्णय होतो.

पुण्यातल्या वाचकांना मी वेगळं सांगेन. तुम्ही गाडी काढूच नका. डेक्कन क्वीन सव्वासातला पुणे सोडते आणि दहा पंचवीसला सीएसएमटीला पोचते. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटांवर. मधे इराण्याकडे चहा-मस्का होतो. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल तर सुरुवातीला थेट बॅलार्ड पिअरच्या स्टेशनातून सुटायची, विलायतेच्या बोटीतून उतरलेले लोक चालत गाडीत बसायचे. आता रूळ तिथपर्यंत जात नाहीत, पण बोटीला रेल्वेने जाणं मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आरक्षण मात्र आजच करा, सुट्टीतल्या शुक्रवारी ऐनवेळी मिळत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना रात्रीची महालक्ष्मी आहे, सकाळी सीएसएमटी. तुमच्या सासूबाईंना जिन्याचा आणि अर्ध्या रात्री साताऱ्यात गाडी पकडण्याचा त्रास होईल, म्हणून तुम्हाला ती सुचवत नाही.

आता घरातला हिशेब.

तुम्ही लिहिता, "ह्यांना कसं समजावू?" मला वाटतं, समजावायचं नाहीच. तुम्ही समजावायला गेलात की ते "तुला नेहमीच भीती वाटते" वर येणार, आणि तुम्ही तिरुपतीवर. त्यांच्या बाजूनेही जरा बघा. "रस्ता पाठ आहे" म्हणणारा माणूस बेफिकीर असतोच असं नाही. पाच जणांचा भार बहिणीवर टाकायला लाजणारा, हॉटेलचे पैसे वाचवून मुलांवर खर्च करू पाहणारा माणूस मला यात दिसतो. त्यांना कदाचित हेही वाटत असेल की सव्वापाच तास गाडी चालवून सगळ्यांना सुखरूप पोचवणं हा त्यांचा वाटा आहे. मुक्काम केला तर गाडी तेच चालवणार आहेत, फक्त दमून बोटीवर चढणार नाहीत. हे त्यांना कुणी सांगितलंय का?

बहिणीला फोन त्यांनी करावा, तुम्ही नाही. भावाने "एक रात्र येऊ का, आई सोबत आहे" असं विचारलं तर बहिणीला भार वाटेल की आनंद, हे तिलाच ठरवू द्या ना. आईला भेटून तिला किती दिवस झाले असतील? साताऱ्याहून जाताना कंदी पेढे न्या आणि रात्रीचं जेवण बाहेरून मागवायचं आधीच ठरवून टाका, म्हणजे तिला पाच जणांचा स्वयंपाक नको. सोमवारी परत आल्यावर सकाळी तिच्याकडेच गाडी घ्यायला जाल, तेव्हा थोडा आराम करून मगच घाट चढा. तीन रात्री डुलणाऱ्या पलंगावर झोपून लगेच गाडी हाती घेणं बरं नाही.

आणि बॅगांचं. तिरुपतीला बॅगा उशिरा भरल्या, कारण त्या एकट्या तुम्हीच भरत होतात. पाच जणांच्या बॅगा, सासूबाईंची औषधं, मुलांचे कपडे, गॅस बंद, दूधवाल्याला निरोप, हे एका माणसाने करायचं आणि गाडीत बसून हॉर्न दुसऱ्याने वाजवायचा, असं असेल तर उशीर कुणाचा, हे तुम्हीच ठरवा. या वेळी वाटून घ्या. मोठ्या मुलाने आपली आणि धाकट्याची बॅग भरावी. यजमानांनी कागद सांभाळावेत: सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, मुलांचीसुद्धा, आणि वेब चेक-इन. सासूबाईंसाठी व्हीलचेअर हवी असल्याचं आत्ताच कळवून ठेवायचं, तेही त्यांच्याकडे. तुमच्याकडे फक्त हातातली एक पिशवी. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतल्या जातात आणि खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून इन्सुलिन, गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, सासूबाईंच्या वेळेचं खाणं, मुलांचा एकेक कपड्यांचा जोड आणि स्वेटर या पिशवीत. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी मधुमेहाच्या औषधांबरोबर चालते का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

आज रात्री जेवणं झाली की मुलाला वही-पेन्सिल द्या. बोर्डिंग पास यजमानांच्या हातात द्या आणि त्यावरची प्रवेश बंद व्हायची वेळ त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. मुलाने ती पानाच्या तळाशी लिहावी आणि बाबांनी सांगितलेला एकेक टप्पा तिच्या वर लिहीत जावं: ऑरेंज गेट, कळंबोली, खालापूर, किवळे, कात्रज, सातारा. थांबे आजीला विचारून घालावेत. तुम्ही तेवढ्या वेळात ओटा आवरा, मध्ये बोलू नका. पानाच्या वरच्या टोकाला सकाळची कुठली वेळ येते ती वाचून, नणंदेला फोन करायचं तेच काढतील असं मला वाटतं.

तुमची,
ताई